ग्रामीण प्राथमिक शाळेची वर्गखोली : विलंबाची कारणे आणि पालकांचे काम

शिक्षणाविषयी आपल्या समाजात बोलणे पुष्कळ होते. जयंतीच्या व्यासपीठावरून, वर्षावासातील प्रवचनांतून, इतकेच काय लग्नाच्या मांडवातही ‘शिका’ हा शब्द कानी पडतो. परंतु मूल शिकायला जाते ती जागा कशी आहे, एका खोलीत किती मुले बसतात, पावसात छत गळते काय, याची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी होते. वर्गखोली हा जणू अभियंत्यांचा आणि पुढाऱ्यांचा विषय आहे, पालकांचा त्याच्याशी संबंध नाही, अशी आपली समजूत झालेली दिसते. ती समजूत खरी नाही, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

आष्टी हे परतूर तालुक्यातील मोठे, बाजारपेठेचे गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तोपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. अशा मोठ्या गावांचे एक वैशिष्ट्य असते. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची, शेतात राहणाऱ्या सालदारांची, कामासाठी येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची मुले याच गावच्या शाळेत येतात. गाव वाढते, शाळेभोवती घरे उठतात, पट वाढतो. इमारत मात्र पूर्वी होती तेवढीच राहते. लहान खेड्यातील शाळेत आज खोल्या रिकाम्या आणि मोठ्या गावच्या शाळेत दोन वर्ग एका खोलीत, असे विषम चित्र मराठवाड्यात अनेक ठिकाणी दिसते.

खोली हा समतेचा प्रश्न कसा?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. महार-मांगांची मुले जातिभेदामुळे शाळांतून प्रत्यक्षात वगळलीच जातात, हेही त्यांनी त्याच निवेदनात स्पष्ट सांगितले होते. ही मुले वगळली जाण्याचे एक साधे कारण जागेचे होते. शाळेला स्वतःची इमारत नसे. ती मारुतीच्या देवळात, चावडीवर किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर भरे. देवळात ज्याला प्रवेश नाही, त्याला त्या शाळेतही प्रवेश नाही. फार तर त्याने ओट्याखाली, उन्हात बसून ऐकावे. सरकारचा हुकूम कागदावर सर्वांसाठी सारखा असला, तरी जागा दुसऱ्याच्या मालकीची असल्यामुळे हुकूम तिच्या उंबऱ्यापाशी थांबत असे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा आदेश काढला. आपला मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. शिक्षणाचे माध्यम उर्दू आणि शाळा विरळ, त्यामुळे आपल्या आजोबांच्या पिढीतील फारच थोड्यांना अक्षरओळख झाली. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक जागेवर बांधलेली आणि सर्वांसाठी खुली असलेली शाळेची खोली ही आपल्या भागात तशी अलीकडची गोष्ट होय. ती दगडमातीची असली तरी तिच्यात हक्क साठवलेला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. त्या वेळी त्यांनी हिशेब मांडला तो असा की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, आणि सरकार शिक्षणावर दरडोई फक्त १४ आणे खर्च करते. पुढे २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हा विषय आला. ‘प्राथमिक’ शिक्षणापुरतीच जबाबदारी मर्यादित करावी अशी दुरुस्ती नझिरुद्दीन अहमद यांनी सुचविली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा खाणीत कामाला लावता येणार नाही असे आपण म्हणतो, तर मग ते मूल त्या वयापर्यंत शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मात्र कलम मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे मसुद्यातील ‘हक्क’ सांगणारा भाग त्याच दिवशी गळला. दहा वर्षांची मुदत घातली गेली, ती २६ जानेवारी १९६० ला संपली. मूलभूत हक्क म्हणून ही गोष्ट संविधानात यायला २००२ साल उजाडावे लागले आणि कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. एवढ्या काळात तीन पिढ्या पहिलीत जाऊन बाहेर पडल्या.

नियम काय सांगतो?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन मोठ्या खोल्या, दोन शिक्षक, मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि आवश्यक साहित्य हे तिचे उद्दिष्ट होते. शिक्षक आणि साहित्य यांचा खर्च केंद्राने उचलला, खोल्यांसाठी मात्र रोजगार योजनांच्या निधीकडे बोट दाखविले गेले. परिणाम असा की, अनेक शाळांत साहित्याची पेटी आली, पण ती ठेवायला कोरडी जागा नव्हती. त्यानंतर १९९४ पासून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आणि पुढे सर्व शिक्षा अभियान आले. या योजनांतून मराठवाड्यात खूप खोल्या उभ्या राहिल्या, हे मान्य केलेच पाहिजे. सर्व शिक्षा अभियानात बांधकामावर एकूण खर्चाच्या ३३ टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम खर्चता येत नसे. शिवाय काम ठेकेदाराने न करता गावाच्या समितीने करावे असा नियम होता. हेतू चांगला होता, पण सिमेंट, सळई, वाळू आणि मजूर यांचा हिशेब मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडला. वर्ग सोडून गुरुजी वाळूच्या ट्रकमागे फिरू लागले, हे अनेक गावांनी पाहिले आहे.

शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची पालकांनी एकदा तरी वाचावी. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, त्याशिवाय कार्यालय-भांडार-मुख्याध्यापकांची मिळून एक खोली, अपंग मुलांना अडथळ्याविना ये-जा करता येईल अशी सोय, मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, आहार शिजविण्याची जागा, मैदान आणि कुंपण, एवढे सर्व तिच्यात आहे. त्यासाठी तीन वर्षांची मुदत होती, ती ३१ मार्च २०१३ रोजी संपली.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, पहिली ते पाचवीच्या शाळेत २१० मुले आहेत. २०० च्या वर पट गेला की मुख्याध्यापक सोडून दर ४० मुलांमागे एक शिक्षक हवा, म्हणजे ६ शिक्षक, आणि म्हणून किमान ६ खोल्या. शाळेच्या नोंदीत खोल्या आहेत ४. त्यांपैकी एकीच्या भिंतीला तडे गेले म्हणून कुलूप आहे. तेव्हा प्रत्यक्षात ३ खोल्यांत २१० मुले, एका खोलीत ७० मुले! सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षक कितीही तळमळीचा असला तरी मागच्या रांगेतील मुलाची वही त्याच्या हाती येत नाही. मागच्या रांगेत कोण बसते, हे सांगण्याची गरज नाही. ज्याच्या घरी कोणी शिकलेले नाही, जो उशिरा येतो, जी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येते, ती मुले मागे असतात.

यावर उपाय म्हणून शाळा दोन सत्रांत भरविली जाते. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवे, म्हणजे दिवसाला चार तास. साडेतीन तासांचे सत्र धरले तर वर्षाचे ७०० तासच होतात. खोली नाही म्हणून मुलाचे वर्षाला शंभर तास जातात, आणि हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

कागदावरची खोली

विलंबाचे पहिले कारण म्हणून सर्वजण निधीकडे बोट दाखवितात. निधी अपुरा आहे, यात शंका नाही. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली राज्यातील प्रादेशिक असमतोल मोजला तेव्हा एकूण सुमारे ३,१८६ कोटी रुपयांच्या अनुशेषापैकी जवळजवळ ७५१ कोटी मराठवाड्याचे निघाले, आणि शिक्षण हा त्या मोजणीतील एक विषय होता. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते, अनेक शाळांच्या बाबतीत पैशाआधी कागद आडवा येतो.

वर सांगितलेली कुलूपबंद खोली पुन्हा पाहा. ती वापरात नाही, तरी नोंदवहीत आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या स्थितीनुसार शाळांची माहिती संगणकावर भरली जाते, तीत खोल्यांची संख्या आणि त्यांची अवस्था, म्हणजे चांगली, किरकोळ दुरुस्तीची किंवा मोठ्या दुरुस्तीची, असे लिहावे लागते. मागच्या वर्षीचेच आकडे उतरवून काढले की तडे गेलेली खोली ‘चांगली’ ठरते. मग वर बसलेला अधिकारी पाहतो : खोल्या ४, हव्यात ६, कमतरता २. खरी कमतरता ३ असते. दुसऱ्या शाळेची कमतरता तीन दिसली की ती यादीत वर जाते आणि आपली खाली.

ती खोली पाडायची म्हटले तर ‘निर्लेखन’ करावे लागते. हा शब्द पालकांना सहसा ठाऊक नसतो. सरकारी मालमत्तेच्या नोंदीतून एखादी वास्तू रीतसर काढून टाकणे म्हणजे निर्लेखन. त्यासाठी बांधकाम विभागाच्या अभियंत्याने पाहणी करून ती वापरास अयोग्य असल्याचा अहवाल द्यावा लागतो. मग जिल्हा परिषदेचा आदेश, त्यानंतर जुन्या लाकडा-पत्र्याचा लिलाव, आणि मग पाडकाम. निर्लेखन झाले नाही तर नव्या खोलीला जागा मिळत नाही आणि मागणीही उठत नाही. निर्लेखन झाले, पण नवी खोली मंजूर झाली नाही, तर होती तीही जागा जाते. म्हणून मुख्याध्यापक कचरतात. धोक्याची खोली कुलूप लावून तशीच उभी राहते आणि मधल्या सुट्टीत मुले तिच्याच सावलीत खेळतात.

२८ ऑगस्ट २०१७ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेची खोली पावसात कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या जिल्ह्यात धोकादायक खोल्यांची पाहणी झाली, खोल्या पाडल्या गेल्या आणि नव्या होईपर्यंत अनेक गावांत मुलांना देवळात, समाजमंदिरात बसावे लागले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. दोन्ही घटना पावसाळ्यातील आहेत. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने कुंभकोणम येथील २००४ च्या शाळेच्या आगीनंतरच्या प्रकरणात, १३ एप्रिल २००९ रोजी, सुरक्षित इमारतीत शिकणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आहे.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या मुंबई-पुण्याच्या मेजावर लक्षात येत नाहीत. पहिली, काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायाच्या भिंतींना तडे देते. सर्व राज्याला एकच नमुना अंदाजपत्रक लावले की खोल पायाचा खर्च त्यात बसत नाही. मग निविदेला कोणी येत नाही किंवा काम आले तरी जोत्यापर्यंत येऊन थांबते. दुसरी, ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि मुले त्यांच्यासोबत जातात. हिवाळ्यात कोणी पाहणीला आले तर वर्गात गर्दी नसते, आणि ‘खोल्या पुरेशा आहेत’ असा शेरा पडतो. खरी गर्दी जून ते ऑक्टोबर असते. नेमक्या याच काळात ओसरीवर किंवा झाडाखाली बसता येत नाही. हंगामी वसतिगृहांमुळे जी मुले गावी राहू लागली, त्यांच्यासाठीसुद्धा वर्षभर जागा लागणारच.

कागदाचा प्रवास

खोलीची मागणी शाळेतून निघते. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी असा तिचा प्रवास होतो. बांधकाम उपविभाग अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. निधी जिल्हा नियोजन समितीकडून, समग्र शिक्षेतून किंवा आमदार-खासदारांच्या निधीतून येतो आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. यातील प्रत्येक पायरी मागची पूर्ण झाल्यावरच सुरू होते. मध्येच आचारसंहिता लागली की सारे जागच्या जागी. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाकडे राहिला. आपल्या गटाचा सदस्य सभेत उठून ‘आमच्या खोलीचे काय झाले’ असे विचारील, ही सोयही तेव्हा राहिली नाही.

सर्वांत नाजूक ठिकाण जागेचे आहे. कित्येक शाळा पूर्वी कोणी तोंडी दान दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. दात्याचे मन मोठे होते, पण सातबारा त्यांच्याच नावावर राहिला. पुढे वारस आले, जमिनीला भाव आला, आणि नवी खोली बांधायला निघाल्यावर हरकतीचा अर्ज आला. गावठाणातील शाळेला चारही बाजूंनी घरे भिडलेली असतात, म्हणून वर मजला चढवावा म्हटले तर जुन्या भिंती तो भार पेलतील असा दाखला कोणी देत नाही, आणि ते योग्यच आहे.

समाजमंदिरात वर्ग भरविण्याबाबतही थोडे सांगितले पाहिजे. अडचणीच्या वेळी आपल्या वस्तीतील समाजमंदिर किंवा विहाराची ओसरी शाळेला देणे हे पुण्याचे काम आहे, ते जरूर करावे. गावातील सर्व जातींची मुले आपल्या वस्तीत येऊन शिकतात, हे दृश्य आजोबांच्या पिढीने स्वप्नातही पाहिले नसते. परंतु ‘तात्पुरते’ म्हणून दिलेली जागा पाच-पाच वर्षे तात्पुरतीच राहते आणि खोलीची निकड कागदावरून नाहीशी होते. म्हणून जागा देताना मुदत घालून, लेखी पत्राने द्यावी आणि त्या पत्राची प्रत शिक्षण विभागाकडे पाठवावी. लोकवर्गणीचेही तसेच. रंग, फरशी, पंखे यांसाठी वर्गणी करणे वेगळे. परंतु खोली बांधून देणे ही कायद्याने शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, मजुराच्या रोजगारातून ती कापून घेण्याचे कारण नाही.

पालकांच्या हाती काय आहे?

पुष्कळ आहे. कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. आपल्या भगिनींची नावे समितीत पुष्कळदा असतात, पण सही घरपोच नेली जाते. ती पद्धत बंद व्हायला हवी. बैठकीला स्वतः जावे, सोबत शिकलेली मुलगी न्यावी, इतिवृत्त वाचून घ्यावे आणि मगच सही करावी.

कलम २२ प्रमाणे या समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. येत्या तीन वर्षांत किती मुले येतील, किती शिक्षक आणि किती खोल्या लागतील, हे त्यात लिहायचे, आणि अनुदानाचा आधार तोच आराखडा असतो. अनेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा उतारा असतो. खरे तर अंगणवाडीतील मुले मोजली तर पुढच्या तीन वर्षांचा पहिलीचा पट आजच कळतो. पाचवीचा वर्ग शाळेला जोडायचा असेल तर त्याची खोली आराखड्यात आधी यायला हवी. २०२३ साली शासनाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आणला. पानशेत आणि तोरणमाळ ही त्याची उदाहरणे सांगितली गेली. वाड्या-वस्त्यांची शाळा बंद करून मुले मोठ्या गावात आणायची झाली, तर ती बसणार कुठे, हे ग्रामसभेने आधी विचारावे. पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, हा नियम अद्याप आहे.

कागदांपैकी सातबारा किंवा गावठाणाचा नमुना आठचा उतारा शाळेच्या नावाचा आहे काय, हे सर्वांत आधी पाहावे. नसेल तर दात्याच्या वारसांकडून बक्षीसपत्र करून घेणे हे पहिले काम, कारण ते निधी येण्याआधीच करता येते आणि निधी आल्यावर करायला वेळ उरत नाही. वाईट अवस्थेतील खोलीचे छायाचित्र काढून, समितीच्या ठरावासह बांधकाम उपविभागाकडे पाहणीची मागणी करावी. निर्लेखनाचा आणि नव्या खोलीचा प्रस्ताव एकाच वेळी, एकाच पत्राने द्यावा, म्हणजे एक पाडून दुसरी न मिळण्याचा धोका कमी होतो. सप्टेंबरमध्ये माहिती भरली जाते तेव्हा दोन पालकांनी मुख्याध्यापकांसोबत बसून खोल्यांचा रकाना पाहावा. गुरुजींवर अविश्वास म्हणून नव्हे, तर वरून विचारणा झाली की त्यांच्या पाठीशी कोणी असावे म्हणून.

एवढे करूनही उत्तर आले नाही तर कलम ३२ आहे. मुलाच्या या हक्काबाबतची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. फाईल कोणत्या टेबलावर आहे हे माहितीच्या अधिकारात विचारले तर तीस दिवसांत सांगावे लागते. अर्ज साध्या मराठीत, एका पानाचा असावा. त्यात पट, नोंदीतील खोल्या, वापरातील खोल्या आणि लागणाऱ्या खोल्या हे चार आकडे लिहावेत, पोच घ्यावी आणि आवक क्रमांक समितीच्या वहीत उतरवून ठेवावा. शाळा उघडताच जूनच्या मध्यात अर्ज दिला, तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत निर्णय हाती यायला हवा, म्हणजे ३० सप्टेंबरच्या नोंदीला अजून पंधरा दिवस शिल्लक राहतात.